पहिला खुडा

मुळ्याच्या पानाला पडलेलं भोक मसुरीच्या डाळीएवढं होतं. कडा अजून हिरवी होती, सुकून तपकिरी झाली नव्हती; म्हणजे किड्याने ते पहाटेच खाल्लं असणार. रत्नाने पान उजेडाकडे धरलं. भोकातून धरणाच्या पाण्याचा एक तुकडा चमकला. तिने पान डाव्या हाताला टाकलं.

उजव्या हाताला निळं क्रेट होतं. त्यात अखंड पानांच्या जुड्या लागायच्या. डाव्या हाताला गोणपाट अंथरलेलं होतं, त्यावर भोकांची पानं पडायची. क्रेट पुण्याला जायचं आणि गोणपाट घरी.

कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की येडगाव धरणाचं पाणी काठापासून हळूहळू मागे सरकतं आणि खालचा गाळ उघडा पडतो. काळाभोर, पाय ठेवला की घोट्यापर्यंत धरून ठेवणारा. कोंडाबाई, रत्नाची सासू, नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्याचं रान या पाण्याखाली गेलं. आता दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तेच रान पाण्यातून वर येतं आणि तेच पाटबंधारे खात्याची पट्टी भरून चार महिने कसायला घ्यावं लागतं. आपलीच म्हस आन आपुनच दूध इकत घ्यायचं, असं कोंडाबाई म्हणायची. पण गाळात पाय पडला की तिचा आवाज बदलायचा. या मातीला वरून काही लागत नाही, धरणाने तिला पाजून पाठवलेलं असतं, हे ती भेटेल त्याला सांगायची. मुळा, मेथी, पालक, पुढे काकडी. बी टोकायचं आणि वाट बघायची.

तिचा एक नियम होता. पहिला खुडा घरचा. गाळातली पहिली भाजी घरात शिजायची, मूठ मूठ वस्तीतल्या प्रत्येक घरी जायची, आणि मग बाजार. सासूने तिला हे सांगितलं होतं, तिने रत्नाला.

गेल्या वर्षापासून हा नियम मोडला. पुण्याच्या मोहिनीताईंनी 'ऋतूची टोपली' सुरू केली होती. ज्या हंगामात जे पिकतं ते, औषध न मारलेलं, सभासदांच्या दारात. त्यांना हा गाळपेरा फार आवडला. भाजीच्या पुड्यावर छापायला कोंडाबाईचा फोटो हवा होता. घरात बसवलं तर मागे भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर येत होती. मोहिनीताई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, बाहेर उजेड चांगला आहे. कोंडाबाईला गाळात नेऊन बसवलं, डोक्यावर पदर ओढायला लावला, हातात मुळ्याची जुडी दिली. पुड्यावर लिहून आलं, 'कोंडाआजीच्या मातीतून'. कोंडाबाईने तो रिकामा पुडा धुऊन, वाळवून, तसबिरीखालच्या फळीवर ठेवला.

पहिला खुडा टोपलीत गेला, तेव्हा कोंडाबाईने अडवलं नाही. रुपेशने, तिच्या मुलाने आणि रत्नाच्या नवऱ्याने, समजावलं होतं की बाजारातल्या दलालापेक्षा हे बरं. आणि गोणपाटावरची पानं घरी येत होतीच. चाळण झालेली, पण ताजी. प्रतीक्षा, रत्नाची मुलगी, ओतूरला अकरावीत होती. कॉलेजात तपासणीचं शिबिर झालं, त्यात डॉक्टरीणबाईने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. वर सांगितलं की हिरव्या पालेभाज्या खा, ताज्या, हंगामातल्या. प्रतीक्षा घरी येऊन हसली होती. "आपल्या दारातलं खा म्हणत्यात. ते पुण्याला जातं म्हणून सांगू का त्यांना?" पण त्या महिन्यात तिने गोणपाटावरची भाजी दोन्ही वेळ खाल्ली, आणि चढावर तिला लागायची ती धाप थोडी कमी झाली. रत्नाने कोणाला न सांगता ते पाहून ठेवलं होतं.

मग एका सोमवारी क्रेट परत आलं. आत पानं मान टाकून पडली होती. सभासदांनी फोटो पाठवले होते, आणि मोहिनीताईंनी ते रुपेशच्या मोबाइलवर टाकले होते. प्रत्येक भोकाभोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं: 'दादा, क्वालिटी बघा प्लीज. औषध नकोच, पण पानंही नीट हवीत.'

रुपेश बांधावर बसून ते फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघत राहिला. पायाचा गाळ वाळून पांढरा पडला तरी उठला नाही.

"भोक बी नको, औषध बी नको," तो शेवटी म्हणाला. "मग किड्याला काय हात जोडून सांगू, पुण्याची माणसं जेवायची ऱ्हायल्यात म्हणून?"

वरच्या अंगाला सयाजीचा टोमॅटोचा प्लॉट होता. तारा, बांबू, ठिबक, सगळं टापटीप. सयाजीने वरूनच क्रेट पाहिलं होतं. "काय रुपेशराव, किड्याचं उष्टं पुणेकरांना घालता व्हय? पाप लागंल की." मग तो जवळ आला आणि गळ्यातला टॉवेल झटकत म्हणाला, की आमच्या प्लॉटवरनं किडा उडत गेला तरी खाली पडतो, फवारणीचा पंप पाहिजे तर घेऊन जा. सयाजीच्या बायकोने प्लॉटच्या कडेला घरच्यासाठी एक वाफा वेगळा राखला होता. त्यावर कधी पंप जात नसे. रत्ना तिथे टोमॅटो तोडायला जायची तेव्हा तो वाफा तिला दिसायचा. सगळ्यांनाच दिसायचा. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाने मुळ्याचं पान उलटं केलं. देठाच्या बेचक्यात एक थेंब वाळून त्याचा दुधी डाग पडला होता. तिने बोट लावलं, वास घेतला. रुपेशचा रात्रीचा सदरा दोरीवर होता. त्यालाही तोच वास होता, लसणासारखा, पण घशात राहणारा.

त्याने नाकारलं नाही. एकदाच मारलंय, म्हणाला.

"आईला बोलू नको. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"आन खाणाऱ्यांना?"

"सयाजी मारतो, समदा तालुका मारतो. कोण मेलंय?"

बाटली त्याने गोठ्याच्या वळचणीत खोचली होती. रत्नाने ती काढून वाचली. फवारल्यावर किती दिवस तोडा करू नये, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. टोपली तेवढे दिवस भरायच्या आतच जाणार होती. तिने बाटली होती तशी ठेवली, हात राखेने घासले. आत्याला, म्हणजे सासूला, सांगायला हवं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. सांगितलं तर आत्या मोहिनीताईंना फोन करेल, मग टोपली बंद, मग रुपेश पुन्हा बाजारात दलालापुढे उभा, तो त्या फोटोंपुढे बसला होता तसा. आज सांगू म्हणता म्हणता संध्याकाळ झाली. मग उद्या.

किडा गेला. पानं अखंड आली, काचेसारखी. मोहिनीताईंनी टाळ्यांची चित्रं पाठवली. गोणपाट मात्र रिकामं राहू लागलं, कारण टाकायला पानच उरलं नाही. घरात बटाटा शिजू लागला, कधी टपरीवरचे पाव. प्रतीक्षा जिना चढताना पुन्हा कठड्याला हात लावते, असं तिच्या मैत्रिणीने सहज सांगितलं.

कोंडाबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ती पानं बोटांनी बघायची. "यंदा किडा गेला कुठं गं?" ती रत्नाला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता सांगायची, की मातीला कळतंय, आपला फोटू पुड्यावर हाय म्हणून. रत्ना वाकून जुड्या बांधत राहायची. चांगलं पान घरी न्यायचं नाही, हे कोंडाबाईला ठाऊक होतं. पण नातीचे पांढरे ओठ त्या अधू डोळ्यालाही दिसत होते. ती पहाटे बाहेर जाऊन येताना ओच्यात दोन मुठी पाला लपवून आणू लागली. आपल्याच रानातली चोरी. ते रत्नाला कळलं ते नंतर.

त्या आठवड्यात रुपेशने दुसऱ्यांदा पंप मारला, दिवेलागणीला. पहाटे कोंडाबाईने ओचा भरून आणला. मुळ्याचा कोवळा पाला, मेथी, वर कांदा, तेल, तिखट, मीठ. घोळाणा. रत्ना क्रेट भरायला गाळात उतरली होती. नातीला समोर बसवून कोंडाबाईने भाकरीबरोबर परात पुसून खायला लावली. शिजवलं की जीव जातो पाल्याचा, म्हणाली, आन आईला सांगू नको.

एसटीत प्रतीक्षाच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. ओतूरच्या स्टँडवर उतरली आणि तिथेच ओकली. कपाळावरून घाम ओघळत होता, बोटं थरथरत होती. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रत्ना, रुपेश आणि मागे राहायला तयार नसलेली कोंडाबाई पोहोचली, तेव्हा डॉक्टर तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होता. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

काय खाल्लं सकाळी, त्याने विचारलं.

"घरचं," कोंडाबाई म्हणाली. "रानातला ताजा पाला. त्यानं कुणाला काय व्हत न्हाई, साहेब."

रत्नाने रुपेशकडे पाहिलं. रुपेशने डॉक्टरला हाताने दाराकडे बोलावलं. काचेतून रत्नाला त्याची वाकलेली मान दिसत होती आणि डॉक्टरचा एकदा वर गेलेला हात. परत आल्यावर डॉक्टर थेट खाटेकडे गेला. नर्सला इंजेक्शनं सांगितली. प्रतीक्षाचं तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली, पण थरथर थांबली. बाहेरच्या भिंतीवर भाज्यांच्या ढिगाचं चित्र होतं. हंगामी खा, ताजं खा, निरोगी राहा. कोंडाबाई त्याच्याखाली पाठ टेकून बसली होती.

"काय म्हणला डाक्टर?"

"स्टँडवरचा वडापाव," रुपेश म्हणाला. "शिळं तेल."

"मी खाल्लाच नाय..." प्रतीक्षा आतल्या खाटेवरून पुटपुटली. मग तिने बापाचा चेहरा पाहिला, आईचा पाहिला, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

घरी येईपर्यंत कोंडाबाई नातीला बोलत होती. घरात सोन्यासारखं सोडून भायेरचं चरतीस, जिभेला हाड न्हाई. प्रतीक्षा ऐकून घेत होती. रत्नाने तेव्हाच सांगायचं ठरवलं. रिक्षातून उतरल्यावर, मग चूल पेटल्यावर, मग पोरगी झोपल्यावर. पोरगी झोपली तेव्हा कोंडाबाई तिचे तळपाय चोळत बसली होती, आणि रत्ना उंबऱ्यावरूनच मागे फिरली. सकाळी तिने एवढंच केलं, की स्वतः पहाटे उठून सासूबरोबर बाहेर गेली आणि तिला गाळाकडे वळू दिलं नाही.

त्या रविवारी मोहिनीताई सभासदांना घेऊन रान दाखवायला येणार होत्या. ते आधीच ठरलेलं होतं. शुक्रवारी रुपेश पुन्हा पंप पाठीला लावून निघाला, तेव्हा रत्ना पायवाटेवर आडवी उभी राहिली.

"पोर अजून उभी ऱ्हाताना भिताड धरती," ती म्हणाली.

"लोक रानात येऊन फोटू काढणार. चाळण दाखवू?" त्याने तिच्याकडे न बघता पट्टा खांद्यावर वर ओढला. "बाभळीकडल्या दोन वळी सोडतो. सैपाकाला तितलं घ्या. बाकीचं नुसतं बघायला हाय. टोपलीत बी न्हाई भरणार ह्या खेपंला."

तिने वाट सोडली. बाभळीकडच्या दोन वळी, हे ती दिवसभर मनात घोकत राहिली. रुपेशने आईलाही सांगितलं, भाजी बाभळीकडचीच खुड. का, ते सांगितलं नाही.

रविवारी दोन गाड्या आल्या. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, काळे चष्मे. मोहिनीताईंबरोबर त्यांची मुलगी समृद्धी होती, पाचेक वर्षांची, गाळात पाय रुतला की खिदळणारी. सयाजी वरून बांधावर उभा राहून बघत होता. एका बाईंनी रत्नाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, की तुम्ही किती नशीबवान, तुम्हाला हे रोज खायला मिळतं. आम्हाला आठवड्यातून एकदा. रत्नाच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. बाईंनी आपला हात रुमालाला पुसला, अगदी हलक्याने.

रत्ना चुलीपुढून हलू शकत नव्हती. भाकरी थापायची, उलटायची, फुगली की खाली ठेवायची. प्रतीक्षा तांब्याने पाणी वाढत होती, मधेच टेकत होती. भाजी खुडायला कोंडाबाई गेली होती. बाभळीकडच्या वळी, रत्नाने तिला जाताना पुन्हा बजावलं होतं.

मांडवात पंगत बसली. रत्ना भाकऱ्यांची दुरडी घेऊन आली आणि परातीपाशी थांबली.

परातीत घोळाणा होता. मुळ्याचा पाला हाताने मोठा मोठा तोडलेला, तेलाने चमकत होता. रत्ना वाकली. तिने एक पान उचललं, दुसरं उचललं. तळातून तिसरं काढलं. एकाही पानाला भोक नव्हतं.

"आत्या, हे कुठलं खुडलं?"

"मधल्या वळीतलं," कोंडाबाई खुशीत म्हणाली. "बाभळीखाली निसतं चाळण झालंय. पावण्यांच्या पानात किड्याचं उष्टं घालू व्हय?"

तिने समृद्धीला मांडीवर ओढून घेतलं होतं. बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पाला घेतला. पहिला खुडा घरचा असतो, ती मोहिनीताईंना सांगत होती, पण ही पोर बी घरचीच की. मोहिनीताईंनी मोबाइल वर धरला.

रत्नाने दुरडी खाली ठेवली.

"खाऊ नका कुणी. त्याच्यावर औषध मारलंय."

ती हळू बोलली, पण पंगतीत ऐकू गेलं. कोणीतरी हसलं. मोहिनीताईंनी मोबाइल खाली घेतला नाही. त्या रुपेशकडे बघू लागल्या. रुपेश दाराशी पाण्याचा हंडा घेऊन उभा होता. "गंमत करतीया," तो म्हणाला. "वरच्या प्लॉटवरनं वाऱ्यानं वास येतो कधी कधी."

वर बांधावर सयाजीने पाठ फिरवली.

कोंडाबाईचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. एवढ्या लोकांत सुनेने तिच्या मातीला नाव ठेवलं होतं.

"माझ्या रानाला औषध?" ती म्हणाली. "पाण्याखालनं निघाल्यालं रान हाय ते. माझा फोटू हाय पुड्यावर. ह्या पाल्यानं कुणाला काय झालं तर माझ्या तोंडात माती घाला." तिने समृद्धीला मांडीवरून खाली ठेवलं आणि तो घास स्वतःच्या तोंडाकडे नेला. "बघा. मी खाती. माझ्या नातीला बी हेच घालती मी."

प्रतीक्षाच्या हातातला तांब्या कलला होता. पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि ती पाय काढत नव्हती. ती आईकडे बघत होती, दवाखान्यात बघितलं होतं तशीच.

रत्नाने पुढे होऊन सासूचं मनगट धरलं. मनगट बारीक होतं, तेलाने निसरडं झालेलं. घास मुठीत दबला. मोहिनीताई, रुपेश, टोप्या घातलेली माणसं, सगळी एका बाजूला राहिली. तिने फक्त त्या अधू डोळ्याकडे पाहिलं.

"आत्या, टाका ते," ती म्हणाली. "परतिक्षानं वडापाव खाल्लाच नव्हता. तिनं तुमच्या हातचं हेच खाल्लं व्हतं."